कोर्स संपला की तोतरेपणा परत का येतो, आणि भाच्यासाठी किती थांबावं

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का, ते आधी तपासून घेते. तुम्ही २८ वर्षांचे आहात आणि लहानपणापासून बोलताना अडकता. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहात. रोज सकाळच्या मीटिंगला आदल्या दिवसाचा आढावा सांगावा लागतो आणि तिथे सगळ्यात जास्त त्रास होतो. स्वतःचं नाव 'प'वरून आहे, ते तर हमखास अडकतं. दोन वर्षांपूर्वी एका केंद्रात २१ दिवसांचा निवासी कोर्स केलात. शेवटच्या दिवशी स्टेजवर भाषण केलंत आणि तीन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं झालं. केंद्रवाले म्हणाले, तुम्ही सराव सोडलात. आता बढतीचा इंटरव्ह्यू तोंडावर आहे आणि तुम्ही विचारताय की कायमचा इलाज कशात आहे: दुसरा कोर्स, गोळी की कानात घालायचं यंत्र? शिवाय जाता जाता लिहिलंय की बहिणीचा पावणेचार वर्षांचा मुलगा दिवाळीपासून, म्हणजे आठेक महिने, 'मा-मा-मा-मामा' असं अडखळायला लागलाय. 'मामाचं ऐकून ही सवय लागली' असं म्हणून बहिणीच्या सासूबाई त्याला सुट्टीत तुमच्याकडे पाठवत नाहीत.

मी भाच्यापासून सुरुवात करते. तुमचं काम महिना-दोन महिने मागेपुढे झालं तरी चालेल, त्याचं नाही.

तोतरेपणा ऐकून लागत नाही, हे सासूबाईंना ठामपणे सांगा. मुलं मामाची नक्कल करतात, पण नक्कल हा खेळ असतो आणि कंटाळा आला की थांबतो. आठ महिने रोज, पाणी मागतानासुद्धा अडखळणं ही नक्कल नव्हे. तोतरेपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २०१० साली अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या डेनिस ड्रेना यांच्या गटानं, मुख्यतः पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरुवात करून, तीन जनुकांमधले बदल तोतरेपणाशी जोडून दाखवले. त्या तीन जनुकांत थोड्याच लोकांचं कारण सापडतं, पण दिशा स्पष्ट आहे. तुमचा आणि भाच्याचा या बाबतीत काही संबंध असलाच तर तो रक्ताचा आहे. त्याला तुमच्यापासून लांब ठेवून काहीच साधत नाही, आणि माझ्या मामात काहीतरी वाईट आहे एवढं मात्र पोराच्या डोक्यात जातं. अशा घरांतल्या आजींना मी सरळ क्लिनिकमध्ये बोलावून घेते. सुनेनं सांगितलेलं पटत नाही, तेच 'मॅडम' बोलल्या की पटतं, काय करणार!

घरातच दोषी शोधायची ही खोड शास्त्रालाही होती. आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. १९४०च्या दशकात त्यांचं म्हणणं असं होतं की मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबाप तोतरेपणा ठरवतात आणि तिथूनच तो सुरू होतो. त्यामुळे कित्येक वर्षं आयांना 'मुलासमोर हा विषयच काढू नका' असा सल्ला मिळत राहिला. ते मत आता मागे पडलंय. भाचा अडकला आणि त्याला त्याचा राग आला, तर 'अडकला ना जरा शब्द? होतं असं, मी ऐकतेय' असं आईनं म्हणायला काहीच हरकत नाही. मुलाला ते कळतच असतं.

आता 'आपोआप जाईल' याबद्दल. असं म्हणणारे बहुतेक वेळा बरोबर निघतात आणि पंचाईत तीच आहे. १०० मुलांपैकी निदान ५ मुलं कधी ना कधी अडखळतात, बहुतेक २ ते ४ या वयात, वाक्यं लांब व्हायला लागली की. मोठ्या माणसांत मात्र हे प्रमाण १००त १च्या आसपास उरतं. म्हणजे चारातली निदान तीन मुलं यातून बाहेर पडतात. तुमचा भाचा त्या तिघांतला की चौथा, हे आज छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. काही खुणा मात्र बघता येतात. मुलगा आहे की मुलगी (मुली जास्त प्रमाणात बऱ्या होतात), जवळच्या नात्यात कोणाचा तोतरेपणा मोठेपणीही टिकलाय का, सुरू होऊन किती महिने झाले, आणि अडखळण्यात जोर किती लागतोय. 'मा-मा-मामा' असं सैल, हसत-खेळत अडखळणं वेगळं. ओठ घट्ट मिटून, मान ताणून, पाय आपटून शब्द बाहेर काढावा लागणं किंवा 'जाऊ दे' म्हणून बोलणंच सोडून देणं वेगळं. हे दुसरं दिसलं तर वाट बघायची नाही.

एरवी सहा-सात महिन्यांचं अडखळणं असेल आणि मूल मजेत असेल, तर मीही दर महिन्याला फोन करा म्हणते आणि थांबते. इथे मुलगा आहे, मामाचा तोतरेपणा टिकलेला आहे आणि आठ महिने उलटलेत. मी थांबणार नाही. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत उपचार झाले तर अडखळणं जवळपास पूर्ण जाण्याची शक्यता बरीच असते. पुढे शाळा, हजेरी, चिडवणं सुरू झालं की काम वाढत जातं.

या वयासाठी दोन पद्धतींमागे चांगला पुरावा आहे. पहिली सिडनीतल्या लिडकम या उपनगराच्या नावानं ओळखली जाते. यात उपचार आई किंवा वडील करतात. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणारी तज्ज्ञ, दर आठवड्याला त्यांना शिकवते आणि दुरुस्त करते. रोज पंधराएक मिनिटं चित्रांचं पुस्तक घेऊन बसायचं. सुरुवातीला प्रश्न असे की उत्तर एका शब्दात यावं. 'हा कोण?' 'हत्ती.' 'वा, किती सरळ आलं!' ते जमलं की 'हत्ती काय करतोय?' अशी पायरी वाढवायची. कौतुक खरंखुरं आणि मोजकं हवं, टाळ्यांचा कडकडाट नको. बऱ्याच वेळा कौतुक झालं की एखाद्या वेळी, आणि तेही हलकेच, 'हा जरा अडकला हं' म्हणायचं. मुलाला चालत असेल तरच 'परत म्हणून बघतोस?' विचारायचं. रोज रात्री आईनं दिवसभराच्या बोलण्याला ० ते ९ असा आकडा द्यायचा. ० म्हणजे अजिबात अडखळला नाही. हे आकडे आठवडाभर वहीत दिसले की 'कधी बरं असतं, कधी नसतं' या मोघम बोलण्याला आकार येतो. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या पद्धतीची चाचणी छापून आली. नऊ महिन्यांनंतर उपचार घेतलेल्या मुलांचं अडखळणं सरासरी १०० अक्षरांत दीडवर आलं होतं आणि ही पद्धत न वापरलेल्या दुसऱ्या गटाचं चारच्या जवळ होतं.

दुसरी पद्धत मुलावरचा बोलण्याचा ताण आणि त्याची बोलण्याची तयारी यांचा मेळ घालते. मोठ्यांनी स्वतःचा वेग कमी करायचा, मुलाचं बोलणं संपल्यावर क्षणभर थांबून मग उत्तर द्यायचं, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, दोन भावंडं एकदम बोलायला लागली की पाळी ठरवून द्यायची. नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तिचे निकाल २०१५ साली आले. दीड वर्षानंतर लिडकम गटातली ७६.५ टक्के आणि दुसऱ्या गटातली ७१.४ टक्के मुलं अडखळत नव्हती. फरक नगण्य. त्यामुळे पद्धत निवडताना मी घर बघते. आईला रोज पाव तास शांतपणे मिळणार असेल तर लिडकम. एकत्र कुटुंब असेल आणि आईचं बघून आजोबा, काका, मोठी बहीण असे सगळेच 'परत म्हण' सुरू करणार असतील, तर दुसरी. लिडकम पुस्तकात किंवा व्हिडिओत बघून घरच्या घरी करू नका, कारण कौतुक आणि टोकणं यांचं प्रमाण चुकलं की मूल बोलायचंच टाळायला लागतं.

तोपर्यंत बहिणीला एवढं सांगा: 'हळू बोल', 'श्वास घे', 'विचार करून बोल' या तिन्ही सूचना बंद. शब्द त्याच्या तोंडून काढून घेऊन पूर्ण करायचा नाही. पाहुणे आले की 'शुभंकरोति म्हणून दाखव' नको. आणि तुम्ही त्याच्याशी नेहमीसारखं बोला, अडकलात तर अडकलात.

घरगुती उपायांबद्दल विचारलं नाहीत, पण ते आत्तापर्यंत सुरू झालेही असतील. पोपटानं उष्टावलेल्या पेरूनं अडखळणं जात नाही. पेरू द्यायचाच तर धुतलेला, न उष्टावलेला द्या. अक्कलकाढ्याचं फूल चघळून जिभेला मुंग्या येतात, त्यापलीकडे अडखळण्यावर काही होत नाही. वेखंडाबाबत मात्र मी कडक आहे. त्यात बीटा-असारोन नावाचा घटक असतो, त्याच्या विषारीपणामुळे अमेरिकेत १९६८पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. लहान मुलाला उगाळून रोज चाटवायची ती वस्तू नाही. तोंडात सुपारी किंवा खडा ठेवून वाचायला लावणं म्हणजे घशात अडकण्याला आमंत्रण. आणि जिभेखालचा पडदा कापून तोतरेपणा जात नाही. बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या सर्जननं १८४१ साली तोतऱ्या लोकांच्या जिभेचे तुकडे कापून बघितले होते, तेही भूल नसताना. दोष जिभेत नव्हताच.

आता तुम्ही.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी तुम्ही घडाघडा बोललात ते खरं होतं, त्यात फसवणूक नव्हती. फक्त ते सोपं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. गणपतीत आरती म्हणताना तुम्ही कधी अडकलात? शाळेत सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना? घरी एकट्यानं मोठ्यानं वाचताना? बहुतेक नसालच. सगळ्यांच्या सुरात सूर मिळवला, गायलं, ताल धरून बोललं, स्वर लांबवले, तर जवळजवळ प्रत्येक तोतऱ्या माणसाचं अडखळणं तेवढ्यापुरतं जातं. बोलण्याचे स्नायू कधी आणि कोणत्या क्रमानं हलवायचे, हे मेंदू आतून ठरवतो. तोतऱ्या लोकांच्या मेंदूत या कामाची, विशेषतः डाव्या बाजूची, जोडणी थोडी वेगळी असल्याचं तपासण्यांत दिसतं. बाहेरून ताल मिळाला की त्या जोडणीवरचा भार हलका होतो. २१ दिवस सगळे जण लांबवून, संथ बोलत होते, ऐकणारे सगळे तुमच्यासारखेच होते, घाई कोणालाच नव्हती. अशा जागी अडखळणं थांबणारच.

त्या तीन आठवड्यांत तिथे तुमची सकाळची मीटिंग नव्हती. प्रॉडक्शनचा माणूस घड्याळ बघतोय, मॅनेजर वाक्य तोडतोय, आणि आपलं नाव सांगायची पाळी तीन खुर्च्यांवरून सरकत आपल्याकडे येतेय, हे नव्हतं. जे शिकलात ते या जागी आणून बसवायचं काम कोर्स संपल्यावर सुरू व्हायला हवं होतं आणि ते तुमच्या एकट्यावर टाकलं गेलं. थोड्या दिवसांच्या जोरकस प्रशिक्षणानंतर तोतरेपणा परत येतो हे या क्षेत्रात फार जुनं, सर्वांना माहीत असलेलं आहे. 'सराव सोडला' हे उत्तर अर्धंच आहे. ज्या कोर्समध्ये पुढच्या सहा महिन्यांची आखणी नाही आणि 'आधी-नंतर'चे व्हिडिओ मात्र आहेत, त्यात परत पैसे घालू नका.

मोठ्यांच्या उपचारात तीन वेगळी कामं असतात. कोणतं किती करायचं हे माणसावर ठरतं.

पहिलं म्हणजे बोलण्याची घडणच बदलणं. स्वर लांबवून, आवाज मऊ सुरू करून, शब्द जोडून बोलायला शिकायचं आणि मग हळूहळू ते नैसर्गिक वेगाकडे आणायचं. तुमच्या कोर्समध्ये याचाच एक प्रकार होता. ऑस्ट्रेलियातली कॅम्परडाउन पद्धत याच वाटेची आहे, पण तिच्यात रोजच्या खऱ्या प्रसंगांत ते बोलणं वापरण्यावर बराच वेळ जातो आणि ती व्हिडिओ कॉलवरही नीट चालते. अडखळणं मोजून बघितलं तर कमी होतं. किंमत एकच: सुरुवातीला आपण आकाशवाणीच्या बातम्या संथ केल्यासारखे ऐकू येतो, आणि बोलताना सतत लक्ष ठेवावं लागतं. काहींना हे चालतं. माझ्याकडे येणारे बरेच जण मात्र असं सांगतात की असं बोलण्यापेक्षा अडकणं परवडलं, आणि ते सांगायचा त्यांना हक्क आहे.

दुसरं काम म्हणजे अडखळणं बंद करायच्या मागे न लागता ते बदलणं. ही वाट चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन वाचातज्ज्ञांनी घालून दिली. तेही तोतरे होते. तुमच्या 'प'वर करून दाखवते. 'प' अडकतो तेव्हा दोन्ही ओठ गच्च मिटलेले असतात, मागे हवा कोंडलेली असते आणि तुम्ही आणखी जोर लावता. जोर लावला की ओठ आणखी मिटतात. आरशासमोर बसा आणि मुद्दाम तसंच अडका. कुठे घट्ट झालंय ते शोधा: ओठ, हनुवटी, गळा? आता जोर न लावता तिथेच थांबा. मग ओठ सावकाश सैल करा, इतके की थोडी हवा निसटावी. 'प' जरासा 'फ'सारखा निघेल, निघू दे. त्यावरून 'अ'वर घसरा आणि नाव पूर्ण करा. हे आधी अडकून गेलेल्या शब्दावर करायचं: शब्द संपला की क्षणभर थांबून तोच शब्द परत, सैल अडखळत म्हणायचा. ते हातात आलं की शब्दाच्या मध्यात, अडकलेलं असतानाच. सगळ्यात शेवटी, शब्द येण्याआधी ओठ हलके ठेवून. क्रम उलटा वाटतो, पण मागून पुढे यावं लागतं, कारण अडकायच्या क्षणी माणसाला घाबरल्यामुळे काहीच सुचत नाही. आधी मोकळ्या वेळेत हात बसावा लागतो.

तिसरं काम आहे लपवणं कमी करण्याचं, आणि तुमचं पत्र वाचून मला वाटतं तुमचा मुक्काम इथे जास्त आहे. तुम्ही लिहिलंय की मीटिंगमध्ये 'रिजेक्शन' म्हणायचं टाळून 'जे पास झालं नाही ते' म्हणता. हॉटेलात दुसऱ्यानं मागवलेलंच 'मलाही तेच' म्हणता. माझ्याकडे आलेला एक मुलगा बसमध्ये आपल्या थांब्याचं नाव अडकतं म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचा आणि मागे चालत यायचा. बाहेरून बघणाऱ्याला तो तोतरा आहे हे कळायचंही नाही. त्याची शक्ती मात्र दिवसभर पुढचे शब्द हुंगण्यात जायची. प्रत्येक टाळलेला शब्द पुढच्या वेळी जास्त भीतीदायक होतो. म्हणून इथे उपचार उलटा असतो: टाळलेले शब्द आणि प्रसंग यादी करून, सोप्याकडून अवघडाकडे, मुद्दाम गाठायचे.

तुमच्यासाठी ती यादी कदाचित अशी सुरू होईल. मेडिकल दुकानात फोन करून एखादं औषध आहे का विचारणं. रिक्षावाल्याला ठिकाण बदलून न सांगता खरं सांगणं. हॉटेलात आपल्याला हवं ते मागवणं. मग मीटिंगमध्ये 'रिजेक्शन' हाच शब्द म्हणणं, अडकला तरी. यातल्या एक-दोन प्रसंगांत न अडकणाऱ्या शब्दावरही मुद्दाम, सैलपणे अडखळायचं. हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात. करून आल्यावर मात्र बहुतेक जण हेच सांगतात की समोरच्यानं औषध आहे की नाही एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मीटिंगच्या आदल्या रात्री झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, रजा टाकावीशी वाटत असेल, तर विचार-वर्तन पद्धतीनं (सीबीटी) काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे काही भेटी घ्या. तोतऱ्या मोठ्या माणसांत चारचौघांत वावरायची-बोलायची भीती वाढलेली असणं खूप आढळतं आणि त्यावर उपचार होतो. एक गोष्ट आधीच सांगते, त्या उपचारानं अडखळण्याचं प्रमाण कमी होईलच असं नाही. भीती कमी होते आणि माणूस बोलायला लागतो.

या तिघांतलं तुमच्यासाठी मी तिसऱ्यानं सुरू करीन, दुसरं सोबत घेईन, आणि पहिलं फक्त मीटिंगसारख्या ठरलेल्या प्रसंगांपुरतं ठेवीन. समोर बसून तासभर तुमचं बोलणं ऐकलं तर मत बदलूही शकतं. तुमचा वेळ, पैसा, जवळ थेरपिस्ट आहे की नाही, आणि तुम्हाला मुळात काय हवंय, कमी अडकणं की न घाबरता बोलणं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. कायमचा इलाज असा शब्द मी मोठ्या माणसाला देत नाही. अडकणं कमी आणि छोटं होणं, वाईट आठवडा आला तरी त्यातून कसं निघायचं ते कळणं, आणि बोलायचं ते बोलून टाकणं, एवढं व्यवस्थित होताना मी बघत आलेय.

गोळीचं लवकर संपवते. तोतरेपणासाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नाही. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी मूळची मनोविकारांवरची औषधं छोट्या चाचण्यांत वापरून बघितली गेलीत, पण वजन वाढणं, सुस्ती यांसारखे त्रास आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या 'वाचाशक्ती' गोळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. कानातलं यंत्र आपलाच आवाज क्षणभर उशिरा किंवा बदललेल्या पट्टीत ऐकवतं, त्यामुळे कोणाबरोबर तरी बोलल्याचा भास होतो. काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही, आणि पडलेला फरक काही दिवसांनी ओसरूही शकतो. हेच काम करणारी ॲप फोनवर मिळतात. यंत्रावर खर्च करायच्या आधी हेडफोन लावून दोन आठवडे ॲप वापरून बघा.

कोणाकडे जायचं? पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेले स्पीच थेरपिस्ट बघा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. पदवी बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा उपचारांतली, किंवा त्यापुढची असते. पहिल्याच फोनवर विचारा: तोतरेपणाच्या किती रुग्णांवर नियमित काम करता, मोठ्यांसाठी कोणती पद्धत वापरता, कोर्सनंतर पुढे काय? 'शंभर टक्के गॅरंटी' ऐकू आली की फोन ठेवा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालयाचा विभाग आहे, तिथे खर्च कमी असतो. भाच्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या तपासणी केंद्रात, डीईआयसीत, स्पीच थेरपिस्टचं पद असतं. ते भरलेलं आहे का ते आधी फोन करून विचारा. गावात कोणीच नसेल तर व्हिडिओ कॉलवर लिडकम आणि मोठ्यांचे उपचार दोन्ही चांगले होतात. तुमच्यासाठी आणखी एक: इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही तोतऱ्या लोकांनीच चालवलेली संस्था आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्यांचे स्वमदत गट आहेत. मुद्दाम अडखळण्याचा सराव एकट्यानं करणं जड जातं, गटात ते हसतखेळत होतं.

राहिला इंटरव्ह्यू. त्याआधी तोतरेपणा कमी करायचा प्रयत्न करू नका, तेवढा वेळ नाही आणि धास्ती वाढेल. आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात सांगून टाका: 'मी बोलताना अडखळतो, काही शब्दांना वेळ लागेल, पण मी वाक्य पूर्ण करतो.' माफी मागायची नाही, 'सॉरी' नाही, कारण सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांना काय चाललंय ते कळतं आणि ते मधे शब्द पुरवायचं थांबवतात. तुमच्या अंगावरचं लपवण्याचं ओझंही तिथेच उतरतं. हे वाक्य घोकून पाठ करू नका, घोकलेलंच जास्त अडकतं. दोन-तीन मित्रांना वेगवेगळ्या शब्दांत सांगून बघा. तुमचं नाव अडकलं तर अडकू द्या आणि ओठ सैल करून बाहेर या. पॅनेलवर तुमचा आत्ताचा मॅनेजर असेल तर त्याला हे आधीच चहाच्या वेळी सांगा. बहुधा त्याला ते माहीत आहे आणि विषय कसा काढावा हे त्यालाही कळत नसेल.

आणि बहिणीला सांगा, थेरपिस्टकडे जाताना मुलाचं घरी खेळताना-भांडताना केलेलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग फोनमध्ये घेऊन जा. क्लिनिकमध्ये नवीन खेळणी बघून ही मुलं हमखास सरळ बोलतात, आणि मग बाहेर पडताना आजी म्हणतात, 'बघा, मी म्हणत नव्हते काही नाही म्हणून!'